आयदन खंयचें? केकचं माप भांड्यात बसवताना

म्हापशात भाड्याच्या घरात राहत होतो तेव्हा शेजारच्या आंटींकडे मी बाथची कृती मागितली होती. बाथ म्हणजे रवा आणि ओल्या नारळाचा केक. नाताळात कुस्वाराचं, म्हणजे नाताळच्या गोडाधोडाचं, ताट घरी आलं की दोदोल, नेवऱ्या बाजूला सारून मी आधी त्याचाच तुकडा उचलायची. आंटींनी रवा किती, साखर किती हे काहीच सांगितलं नाही. उलट मलाच विचारलं, "आयदन खंयचें तुजें?" तुझं भांडं कुठलं? मला वाटलं, कृती द्यायची नाही म्हणून टाळताहेत. पाव किलो रव्याची बाथ कुठल्याही भांड्यात पाव किलो रव्याचीच होणार ना!

पुढे फोंड्याला राहायला आलो, घरी ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आला, आणि साखळी गावच्या भाचीच्या वाढदिवसाला मी बाथचं सगळं दुप्पट करून २० सेंटीमीटरऐवजी २५ सेंटीमीटरच्या भांड्यात ओतलं. भांडं डोळ्यांना भलं मोठं दिसत होतं. विसाव्या मिनिटाला मिश्रण काठावरून खाली उतरलं, तळाच्या कॉइलवर पडलं, आणि स्वयंपाकघरात जळक्या साखरेचा धूर झाला. बाहेरून करपलेली, आतून ओली अशी ती बाथ शेवटी चमच्याने खाल्ली. आंटींचा प्रश्न तेव्हा कळला.

भांडं बदललं तरी भांड्यातल्या मिश्रणाची उंची तीच ठेवायची, एवढं एक सूत्र पकडलं तर बाकीचा हिशोब त्याच्या मागून येतो. उंची तीच राहिली तर केक जवळपास तसाच फुलतो, तसाच भाजला जातो, आणि वेळही थोडाच इकडेतिकडे होतो. उंची बदलली की सगळंच बदलतं. म्हणून खाली जे सांगते आहे ते सगळं या उंचीभोवतीच फिरतं.

टेप आतून लावा

बाजारात ॲल्युमिनियमचे केक टिन मिळतात त्यावर माप लिहिलेलं असेलच असं नाही, आणि दुकानदार जे "आठ इंची" म्हणतो ते बरेचदा बाहेरच्या वळवलेल्या काठासकट असतं. माझा एक आठ इंची टिन आतून साडेसातच भरला. अर्धा इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, पण त्यात मिश्रण १२ टक्के कमी मावतं. म्हणून टेप आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत लावायचा. उंचीही आतून मोजायची. भिंती तिरप्या असतील (पावाच्या आकाराच्या लांबट टिनाच्या असतातच) तर वरचं आणि तळाचं माप घेऊन दोन्हींची सरासरी धरायची.

सेंटीमीटरमध्ये मोजा किंवा इंचात, फक्त मूळ कृतीचं भांडं आणि तुमचं भांडं एकाच मापात असू द्या. मी सेंटीमीटर वापरते, कारण पुढे पाण्याने माप घ्यायचं झालं तर ते मिलिलिटरशी सरळ जुळतं. एक घन सेंटीमीटर म्हणजे एक मिलिलिटर.

व्यास नव्हे, क्षेत्रफळ

दुप्पट करताना माझी चूक इथेच झाली होती. २० वरून २५ म्हणजे व्यास सव्वापट झाला. पण भांड्याचा तळ सव्वापट होत नाही, तो दीडपटीच्या जरा वर जातो. तळ व्यासाच्या वर्गाने वाढतो, आणि मिश्रण पसरतं ते तळावर.

गोल भांड्याचं क्षेत्रफळ काढायला व्यासाला व्यासाने गुणा आणि आलेल्या आकड्याला ०.७८५ ने. चौकोनी भांड्याला लांबी गुणिले रुंदी. नेहमी लागणारे आकडे मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवले आहेत:

गोल: १५ सेंमी – १७७, १८ सेंमी – २५४, २० सेंमी – ३१४, २३ सेंमी – ४१५, २५ सेंमी – ४९१
चौकोनी: १५ सेंमी – २२५, १८ सेंमी – ३२४, २० सेंमी – ४००, २३ सेंमी – ५२९
लांबट मोठा ट्रे: ३३ गुणिले २३ सेंमी – ७५९

इंचात मोजणाऱ्यांसाठी एक सोपी खूण आहे. गोल भांड्यापेक्षा एक इंच लहान असलेलं चौकोनी भांडं त्याच्या बरोबरीचं असतं. नऊ इंची गोलाचं क्षेत्रफळ ६३.६ चौरस इंच, आणि आठ इंची चौकोनाचं ६४. आठ इंची गोल ५०, सात इंची चौकोन ४९. दहा इंची गोल ७९, नऊ इंची चौकोन ८१. म्हणजे कृतीत नऊ इंची गोल टिन सांगितला असेल आणि घरात आठ इंची चौकोनी असेल तर काहीही बदलू नका, तसंच ओता. फक्त कोपरे लवकर भाजले जातात, तेवढं लक्ष ठेवा.

आता पट काढायची. तुमच्या भांड्याचं क्षेत्रफळ भागिले कृतीतल्या भांड्याचं क्षेत्रफळ. शाळेतलं त्रैराशिकच.

१८ वरून २० सेंमी गोल: १.२४ पट
२० वरून २३ सेंमी गोल: १.३२ पट
२० वरून २५ सेंमी गोल: १.५६ पट
१५ वरून २० सेंमी गोल: १.७८ पट
२० वरून १५ सेंमी गोल: ०.५६ पट
२० गोल वरून २० चौकोनी: १.२७ पट

हे दशांश बघून घाबरायला होत असेल तर आपल्या आजी-आजोबांची आठवण काढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही त्यांनी तोंडपाठ केलेली कोष्टकं इथे चपखल बसतात. १.२४ म्हणजे सव्वा, १.५६ म्हणजे दीड, १.७८ म्हणजे पावणेदोन. केकला एवढी सूट चालते. पाच टक्क्यांचा फरक कुणाच्या जिभेला कळत नाही. मीही दशांश फक्त कागदावर ठेवते, तराजूवर सवायकी-दिडकीच येते.

आणि दुप्पट? दुप्पट मिश्रणाला २० सेंमीऐवजी २८ सेंमीचं गोल भांडं लागतं. माझ्याकडे होतं २५ चं. दोनला १.५६ ने भागलं की १.२८ येतात, म्हणजे मिश्रण मूळ उंचीपेक्षा पाव पटीहून वर चढलं होतं. ते ओसंडून गेलं यात ओटीजीचा दोष नव्हता.

एक पूर्ण उदाहरण: बाथ

माझी २० सेंमी गोल, ५ सेंमी उंच भांड्याची बाथ अशी: बारीक रवा २५० ग्रॅम, साखर २२५ ग्रॅम, लोणी १२५ ग्रॅम, खवलेला ओला नारळ १७५ ग्रॅम, अंडी ३, नारळाचं दूध १२५ मिली, बेकिंग पावडर १ चमचा, वेलची, चिमूटभर मीठ. सगळं मिळून मिश्रण साधारण एक किलो पन्नास ग्रॅम होतं आणि भांड्यात सव्वातीन सेंमी उंच बसतं.

नारळ "एक" असं कधीही लिहू नका. एका नारळातून निघतो त्याच्या दीडपट खव दुसऱ्यातून निघतो, आणि तो ओलाही असतो. माप वाढवताना तो फरकही वाढत जातो. खवून झाल्यावर वजन करा. वाट्यांनी मोजणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला आहे. घट्ट दाबून भरलेली वाटी आणि सैल भरलेली वाटी यांत एका वाटीला फरक थोडा दिसतो, तीन वाट्यांना तो चांगलाच जाणवतो. पाचशे-सहाशे रुपयांचा वजनकाटा या कामात महागड्या टिनापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आता २३ सेंमी भांडं घ्यायचं आहे. पट १.३२, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश धरू. रवा ३३० ग्रॅम, साखर ३००, लोणी १६५, नारळ २३०, नारळाचं दूध १६५ मिली. अंडी तीनाची चार. इथे आकडे इतके छान जुळतात की या कृतीपुरता मी २३ चा टिनच वेगळा ठेवला आहे.

पण १८ चं भांडं घेतलं तर पट ०.८१ येते आणि अंडी होतात २.४. मग काय करायचं?

अंड्याचा अडसर

अंडं हा एकच जिन्नस असा आहे जो तराजूचं ऐकत नाही. दोन मार्ग आहेत.

एक, अंडी फोडून फेटून घ्या आणि लागतील तेवढी वजनाने घ्या. मध्यम अंडं टरफलाशिवाय साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतं, म्हणजे २.४ अंडी म्हणजे ११० ते १२० ग्रॅम. उरलेलं सकाळच्या ऑम्लेटमध्ये. फेटण्याआधी अर्धं ओतायला जाल तर पिवळं एका बाजूला आणि पांढरं दुसऱ्या बाजूला जाईल, म्हणून आधी नीट फेटायचं.

दोन, अंडी पूर्ण आकड्यात ठेवा आणि बाकी कृती अंड्यांच्या मागे न्या. १८ च्या भांड्यात दोन अंडी घेतली तर सगळं दोन तृतीयांश करायचं: रवा १६५, साखर १५०, लोणी ८५. मग उंची मात्र सव्वातीनची पावणेतीन सेंमीच्या आसपास येते. केक थोडा बुटका होईल, पाच-सात मिनिटं आधी तयार होईल. हरकत नाही. मला हा मार्ग जास्त आवडतो, कारण घाईत एक अंडं फोडून त्याचे दोन पंचमांश मोजत बसणं माझ्याकडून होत नाही.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत घरात अंडं नसतं, तेव्हा बिनअंड्याच्या केकात अंड्याची जागा कंडेन्स्ड मिल्कचा डबा घेतो. कृत्या बहुतेक "एक डबा" किंवा "अर्धा डबा" अशा असतात, आणि डबा फोडला की तो संपवायची इच्छा होते. तिथेही पट आधी काढायची आणि डबा वजनाने घ्यायचा. उरलेलं पेल्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, पत्र्याच्या उघड्या डब्यात नको.

किती भरायचं

क्षेत्रफळाचा हिशोब बरोबर असला तरी भांडं उथळ असेल तर घोटाळा होतोच. मूळ कृतीचं भांडं ७ सेंमी उंच आणि तुमचं ४ सेंमी, तर तेवढीच उंची तुमच्यात मावणार नाही. म्हणून ओतण्याआधी एकदा डोळ्यांनी खात्री करा.

हलका फेटलेला स्पंज भांड्याच्या निम्म्यापर्यंत. लोण्याचा साधा केक दोन तृतीयांशापर्यंत. बाथसारखा जड, रव्याचा केक फारसा फुलत नाही, तो पाऊण भांडं भरला तरी चालतो. काजू-मनुका-बेदाण्यांनी गच्च भरलेला नाताळचा फळांचा केक तर त्याहून कमी फुलतो, तो काठाखाली दोन सेंमी सोडून भरा. याच्या वर गेलात की उरलेलं मिश्रण काढून ठेवायचं. "जाईल की" म्हणून शेवटचा डाव ओतायचा नाही. माझा तोच डाव कॉइलवर गेला होता.

भांडं थोडंच उथळ असेल तर बटर पेपरची पट्टी भिंतीला आतून लावून दोन सेंमी वर काढता येते. तेवढा आधार फुलणाऱ्या केकला पुरतो, पण ओल्या मिश्रणाची पातळी मात्र धातूच्या काठाच्या खालीच हवी.

वाकड्यातिकड्या आकाराला पाणी

हृदयाचा आकार, फुलाचा साचा, मध्ये भोक असलेला साचा, वाढदिवसाच्या आकड्याचा साचा. यांचं क्षेत्रफळ काढत बसू नका. पाणी ओता.

रिकामा साचा काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. मग हेच मूळ कृतीच्या भांड्यात करा, किंवा त्याचा हिशोब काढा (२० सेंमी गोल, ५ उंच म्हणजे ३१४ गुणिले ५, सुमारे १५७० मिली). दोन्हींचं प्रमाण हीच तुमची पट. भोक असलेल्या साच्यात १९०० मिली मावलं, तर १९०० भागिले १५७०, म्हणजे १.२. सव्वाला जरा कमी.

तळ निघणाऱ्या टिनात पाणी थांबत नाही. त्यात आतून प्लास्टिकची पिशवी घालून पाणी ओता, नाहीतर तांदूळ भरा आणि मग ते तांदूळ मापाच्या भांड्यात ओतून बघा. तांदूळ वजनाने नाही, मापाच्या रेघेने मोजायचे.

पाण्याची पद्धत धारणशक्ती सांगते, उंची नव्हे. साचा खोल आणि अरुंद असेल तर पट बरोबर येऊनही मिश्रण उंच बसेल आणि भाजायला वेळ लागेल. मध्ये भोक असलेल्या साच्यात मात्र हा त्रास कमी, कारण उष्णता मधूनही येते. त्यासाठीच ते भोक असतं. खोल, जड केकला मी म्हणूनच तोच साचा काढते.

२३ गुणिले १३ सेंमीच्या लांबट टिनाकडे मात्र नीट बघा. त्याचं वरचं क्षेत्रफळ जवळपास ३०० येतं, म्हणजे २० सेंमी गोलाच्या बरोबरीचं. पण भिंती तिरप्या असतात आणि टिन सात सेंमी खोल, म्हणून तेच मिश्रण थोडं जास्त उंच बसतं आणि मधला भाग कच्चा राहण्याची शक्यता वाढते. याचा वेळ पुढे सांगते.

काय सरळ पटीने वाढवायचं नाही

रवा, मैदा, साखर, लोणी, दूध: सगळं सरळ गुणायचं. तीन गोष्टींना मी हात आखडता घेते.

बेकिंग पावडर नेहमीच्या भांड्यांत पटीने चालते. पण भांडं २५ सेंमीच्या पुढे गेलं की दहा ते पंधरा टक्के कमी करावी. मोठ्या रुंद केकचा मधला भाग भिंतींपासून दूर असतो, तिथे उष्णता उशिरा पोहोचते. फुलवणाऱ्या वायूने मिश्रण वर उचललं, पण ते घट्ट व्हायला अजून वेळ आहे, अशा वेळी मधला भाग खाली बसतो. पावडर थोडी कमी असली तर तो धरून राहतो. सोड्याचंही तेच. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, आणि ती चव वेलचीनेही झाकली जात नाही.

वेलची आणि जायफळ दीडपटीच्या जागी मी सव्वापटच घालते. हे शास्त्र नाही, माझी जीभ आहे. मीठ मात्र सरळ पटीने.

आणि वरच्या गोष्टी: आयसिंग, वरून भुरभुरायचे काजू, बाथीवर जाळीसारख्या ठेवतात त्या पिठाच्या पट्ट्या. या वरच्या पृष्ठभागाला लागतात, म्हणून त्यांनाही क्षेत्रफळाचीच पट लावा. बाजूंनाही आयसिंग लावणार असाल तर थोडं जास्त.

वेळ आणि उष्णता

वेळ पटीने वाढत नाही. दीडपट मिश्रण म्हणून दीडपट वेळ लावाल तर केक वाळून कडक होईल. वेळ ठरवते ती उंची. माझ्या ओटीजीत बाथ, १७५ अंशांवर, तीच सव्वातीन सेंमी उंची ठेवून अशी भाजली जाते: १५ सेंमी गोल ३३ ते ३८ मिनिटं, २० सेंमी ४० ते ४५, २३ सेंमी ४३ ते ५०. बघा, मिश्रण जवळपास अडीचपट झालं तरी वेळ दहा-बारा मिनिटांनीच वाढला. तुमचा ओटीजी वेगळा असेल, आकडे पाच-सात मिनिटं हलतील, पण चढ असाच राहील.

उंची बदलली की उष्णताही बदला. उंच, खोल भांडं असेल तर १६० वर आणा आणि वेळ द्या. लांबट टिनातली तीच बाथ १६० ते १६५ अंशांवर ६० ते ७० मिनिटं घेते. उथळ ट्रे किंवा कपकेक असतील तर १८०, आणि वेळ १८ ते २२ मिनिटं. उथळ केकात कमी उष्णता आणि जास्त वेळ म्हणजे तो भाजत नाही, वाळतो. खोल केकात जास्त उष्णता म्हणजे वर फुगा आणि तडा, आत पीठ.

सांगितलेल्या वेळेच्या पाऊण वेळ झाल्यावर पहिल्यांदा बघा, त्याआधी दार उघडू नका. सुरी किंवा विणायची सुई मधोमध घाला. नारळाच्या केकात सुईला नारळाचे कण चिकटतात, त्यांनी फसू नका, ओलं पीठ चिकटलं तरच कच्चा. थर्मामीटर असेल तर लोण्याचे केक आतून ९६ ते ९९ अंशांवर तयार असतात.

भांड्याचा धातूही बोलतो. साधं चकचकीत ॲल्युमिनियम सगळ्यांत बरं. काळ्या लेपाचा टिन उष्णता जास्त ओढतो, तिथे १० ते १५ अंश कमी करा. काचेच्या भांड्यालाही १५ अंश कमी. काच तापायला वेळ घेते आणि तापली की निवायला नको म्हणते, त्यामुळे केक बाहेर काढल्यावरही आत भाजत राहतो. घरच्या स्टीलच्या डब्यात करायचंच असेल तर तळाला बटर पेपर दोन पदरी घाला, स्टील एकसारखं तापत नाही.

मोठ्या भांड्यात कडा करपतात आणि मध्य मागे राहतो. त्यावर जुना उपाय म्हणजे जुन्या सुती कापडाची पट्टी पाण्यात भिजवून, पिळून, भांड्याच्या भिंतीला बाहेरून गुंडाळायची आणि पिनेने बांधायची. कड थंड राहते, केक सपाट फुलतो. मी २३ आणि त्यावरच्या भांड्यांना हे करतेच. पट्टी कॉइलला लागणार नाही एवढं बघा.

आणि मिश्रण करायला घेण्याआधी रिकामं भांडं ओटीजीत ठेवून दार लावून बघा. चारही बाजूंना दोन-तीन सेंमी मोकळी जागा हवी, हवा फिरली पाहिजे. लहान ओटीजीत वरची कॉइल केकच्या डोक्यावरच येते, तिथे भांडं खालच्या खणात ठेवा आणि रंग आला की वरून फॉइल झाका. कुकरमध्ये भाजणाऱ्यांनाही तेच: शिटी आणि रबर काढून, तळाला मीठ, वर स्टँड, आणि भांड्याभोवती दोन बोटं जागा. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा मी हेच करते.

बेबिंका: इथे उंचीच सर्व काही

उंचीचा नियम सगळ्यांत स्वच्छ दिसतो तो बेबिंकेत, म्हणजे नारळाच्या दुधाच्या थरांच्या केकात. गोव्याच्या बेबिंकेला २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण भांडं कुठलं घ्यायचं हा प्रश्न घरोघरी तसाच राहिला. बेबिंका थराथराने भाजतात. एक डाव मिश्रण ओतायचं, वरून आच देऊन तपकिरी करायचं, तूप घालायचं, पुढचा डाव. पूर्वी मातीच्या भांड्यावर निखारे ठेवून करायचे, आता ओटीजीच्या वरच्या कॉइलवर होते. साधारण सात थर करतात, जुन्या घरांत सोळाही.

थर चार मिलिमीटरच्या आसपास हवा. जाड झाला तर आत पिठूळ राहतो, पातळ झाला तर चामड्यासारखा होतो. २० सेंमी गोल भांड्यात ३१४ गुणिले ०.४, म्हणजे १२५ मिलीचा डाव. माझं मिश्रण (१० अंड्यांची पिवळी, ५०० मिली नारळाचं जाड दूध, २५० ग्रॅम साखर, १२५ ग्रॅम मैदा, जायफळ) सुमारे ९०० मिली होतं. त्यातून बरोबर सात थर.

आता १५ च्या भांड्यात करायची आहे. इथे लोक डाव तोच ठेवतात आणि थर जाड होतो. १७७ गुणिले ०.४ म्हणजे ७० मिलीचा डाव हवा. मिश्रण तेवढंच ठेवलं तर बारा-तेरा थर येतील, बेबिंका उंच आणि दिमाखदार होईल, पण तेवढा वेळ ओटीजीसमोर उभं राहायची तयारी हवी. सातच थर हवे असतील तर मिश्रण ०.५६ पट, म्हणजे पिवळी पाच ते सहा. थरांमधलं तूप २० ला एक मोठा चमचा, १५ ला अर्ध्याहून जरासं जास्त.

एका थराला लागणारा वेळ दोन्ही भांड्यांत तोच, माझ्याकडे आठ मिनिटांच्या आसपास, कारण जाडी तीच आहे. मी एक छोटा स्टीलचा पेला ७० मिलीवर आणि दुसरा १२५ वर खूण करून फक्त बेबिंकेसाठी ठेवला आहे.

उरलेलं मिश्रण

कितीही हिशोब केला तरी कधी थोडं उरतंच, आणि कधी मुद्दाम उरवावं लागतं. २० सेंमीची कृती १५ च्या भांड्यात करताना अर्धं करायचा कंटाळा असेल तर पूर्णच करा. १५ च्या टिनात साधारण ५९० ग्रॅम ओता, उरलेल्या ४५० ते ४६० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमचे नऊ कप होतात. २३ च्या कृतीतून १५ चे दोन केक निघतात आणि तीन-चार कपांपुरतं उरतं. लहान मुलं असलेल्या घरात हे कप मुख्य केकाआधी संपतात.

कप आणि केक एकत्र भाजू नका. त्यांची उष्णता वेगळी, वेळ वेगळा, आणि कप काढायला दार उघडलं की केक बसतो. आधी केक, मग कप. तोवर साधं लोण्याचं मिश्रण फ्रिजमध्ये ठेवा, पण तासाभराच्या आत भाजा, बेकिंग पावडर थांबत नाही. बाथचं तसं नाही. तिचा रवा भिजायला मिश्रण रात्रभर झाकून फ्रिजमध्ये ठेवायचंच असतं, म्हणून पावडर मी सकाळी भांड्यात ओतायच्या आधी घालते. त्या रात्रीत बरंचसं पाणी रवा ओढून घेतो आणि मिश्रण घट्ट होतं, त्यामुळे भांड्याचा अंदाज सकाळीच घ्यायचा, आदल्या रात्री नाही. फारच घट्ट वाटलं तर दोन चमचे नारळाचं दूध.